हिंगोली हादरते तेव्हा औरंगपुऱ्यानं काळजी करावी का? दख्खनच्या कातळाखाली नेमकं काय चाललंय?

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजत आले होते. हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. भांडी वाजली, पत्रे थरथरले, लोक घराबाहेर आले. भूकंपाची तीव्रता ४.५ रिश्टर नोंदवली गेली. हिंगोलीबरोबरच नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही धक्के जाणवले. त्याच वर्षी २१ मार्चच्या पहाटेही हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता आणि दहाएक मिनिटांत ३.६ तीव्रतेचा दुसरा.

अशा धक्क्यानंतर मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला, 'आज रात्री मोठा भूकंप होणार, घरात झोपू नका.' दुसरा, 'आपण दख्खनच्या कातळावर बसलोय, आपल्याला काही होत नाही.'

यातला पहिला मेसेज खोटा असतो. दुसरा अर्धाच खरा असतो आणि तो जास्त धोकादायक आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी पायाखाली काय आहे ते पाहायला हवं. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचा औरंगपुरा ही चांगली जागा आहे.

औरंगपुऱ्याच्या खाली काय आहे?

औरंगपुरा म्हटलं की शहरातल्या लोकांना पुस्तकांची दुकानं, सरस्वती भुवन, जिल्हा परिषद आणि भाजी मंडई आठवते. जूनमध्ये इथं वह्या-पुस्तकांसाठी गर्दी उसळते. त्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात भूगोलाचं पुस्तक असतं आणि भूगोलात पृथ्वीच्या प्लेट्स, म्हणजे भूपट्ट, शिकवलेले असतात. पण मुलं पुस्तक विकत घेतात त्या दुकानाखालचा दगडही त्याच धड्याचा भाग आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. शहरातल्या जुन्या दरवाज्यांमध्ये तो आहे आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यांमध्येही. देवगिरीचा डोंगर त्याचाच आहे. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात वरून खाली कोरलं आहे आणि अजिंठ्याची लेणीही याच दगडात आहेत.

अजिंठ्याला वाघूर नदीच्या पलीकडे उभं राहून समोरच्या कड्याकडे नीट पाहिलं तर त्यात आडवे थर दिसतात. हा प्रत्येक थर म्हणजे कधीकाळी पसरलेला लाव्हा. एक प्रवाह आला, थंड झाला, मग त्यावर दुसरा आला. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला असेल तर मध्ये लाल मातीचा पट्टाही सापडतो.

आज हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. पूर्वेकडे यावं तसा हा थर पातळ होत जातो. किल्लारीला तर तो जेमतेम ३४० मीटर जाड आहे. हा आकडा पुढे कामाला येईल.

प्लेट म्हणजे नेमकं काय?

पृथ्वीचं बाहेरचं कवच अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि अनेक लहान तुकडे आहेत. त्यांना टेक्टॉनिक प्लेट्स म्हणतात. एका प्लेटची जाडी ढोबळमानानं १०० किलोमीटर धरता येईल.

या प्लेट्स लाव्ह्यावर तरंगतात, असा एक लोकप्रिय गैरसमज आहे. प्लेटखालचा थर बहुतांश घनच असतो. पण तो इतका तापलेला असतो की लाखो वर्षांच्या हिशोबात घट्ट डांबरासारखा सरकतो. त्याच्यावरून प्लेट्स सरकतात. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात तेवढा.

दोन प्लेट्स जिथं भेटतात तिथं तीनपैकी एक गोष्ट घडते. तिन्हींची उदाहरणं गेल्या काही वर्षांच्या बातम्यांत सापडतात.

• प्लेट्स एकमेकींपासून दूर जातात. आइसलँडमध्ये २०२१ पासून ज्वालामुखीचे उद्रेक होत आहेत. तिथं दोन प्लेट्स फाकतात आणि फटीतून लाव्हा वर येतो.

• प्लेट्स एकमेकींना घासून जातात. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तो अशाच घासणाऱ्या सागाइंग भेगेवर. त्यात कित्येक मैल दूर असलेल्या बँकॉकमध्ये बांधकाम सुरू असलेली एक उंच इमारत कोसळली.

• प्लेट्स एकमेकींवर आदळतात. कधी एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते. ३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ झालेला ८.८ तीव्रतेचा भूकंप या प्रकारातला. कधी दोन्हीकडे जाड जमीन असते आणि कुणीच पूर्णपणे खाली जात नाही. मग डोंगर उभे राहतात. हिमालय असाच उभा राहिला.

आता नकाशावर मराठवाडा पाहा. तो यापैकी कुठल्याच सीमेवर नाही. भारतीय प्लेटच्या तो आत आहे आणि हिमालय इथून हजारभर किलोमीटर लांब आहे. मग इथं भूकंप का होतो? उत्तर भारताच्या प्रवासात आहे.

दक्षिणेकडून आलेला भूभाग

भारत कायम आज आहे तिथं नव्हता. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो दक्षिण गोलार्धात आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता. त्या महाखंडाला गोंडवन म्हणतात. तो फुटला आणि भारताचा तुकडा उत्तरेकडे निघाला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिला.

पुढे हा भूभाग हिंदी महासागरातल्या एका उष्ण ठिकाणावरून जात होता. आज तिथं रियुनियन नावाचं बेट आहे आणि त्यावरचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा पश्चिम भाग त्या ठिकाणाच्या वर असताना जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून उसळावा तसा नाही, तर लांबच लांब भेगांमधून पसरत. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मानलं जातं. भूगर्भशास्त्राच्या हिशोबात हा फारच थोडा काळ आहे.

औरंगपुऱ्याखालचा दगड तेव्हाचा आहे. तो तयार झाला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

या प्रवासाच्या खुणा रोजच्या जगण्यातही आहेत. पश्चिमेकडची कड फाटताना उंचावली आणि पठार पूर्वेकडे कललं. म्हणून त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडे वळत नाही. ती १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत पैठणला जायकवाडी धरण आहे आणि त्याच्या नाथसागरातलं पाणी छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येतं. पठार उलट्या बाजूला कललं असतं तर पैठणला गोदावरीच नसती.

कापूस पिकवणारी काळी माती हीदेखील याच दगडाची झीज आहे. एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्याची बोअर कोरडी जाते, त्यामागेही हाच दगड आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं. भेग सापडली तर पाणी, नाही तर खर्च वाया.

(लोणारचं सरोवर मात्र या गोष्टीत येत नाही. ते याच बेसाल्टमध्ये आहे, पण ज्वालामुखीमुळे झालेलं नाही. अवकाशातून येऊन आदळलेल्या अशनीनं तो खड्डा पडला.)

टक्कर अजून संपलेली नाही

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय प्लेट आशियावर आदळली. मधला टेथिस समुद्र नाहीसा झाला आणि हिमालय वर येऊ लागला. टक्करीपूर्वी ही प्लेट वर्षाला पंधरा सेंटीमीटरहून अधिक वेगानं धावत होती. टक्करीनंतर वेग मंदावला, पण प्लेट थांबली नाही. आजही ती वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगानं ईशान्येकडे सरकते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औरंगपुरा, त्यातल्या दुकानांसकट, दीड मीटरहून जास्त पुढे सरकला आहे.

पुढे भिंत असताना एखादं टेबल ढकलत राहिलं तर काय होतं? दाब फक्त भिंतीला टेकलेल्या कडेवर पडत नाही. तो अख्ख्या टेबलात पसरतो. टेबलाच्या लाकडात जुनी चीर असेल तर ती मध्येच कुठं तरी करकरते.

भारतीय प्लेटचंही तसंच आहे. हिमालयाशी होणाऱ्या टक्करीचा दाब दख्खनपर्यंत येतो. लाव्ह्याच्या थराखाली अब्जावधी वर्षं जुना खडक आहे आणि त्या खडकात जुन्या भेगा आहेत. वरच्या बेसाल्टनं त्या झाकल्या आहेत, पण भरून काढलेल्या नाहीत. दाब सोसेनासा झाला की त्यातली एखादी भेग सरकते.

यात एक पेच आहे. हिमालयात भेगा कुठं आहेत ते बऱ्याच अंशी माहीत आहे. दख्खनमध्ये त्या लाव्ह्याखाली दडलेल्या आहेत. शिवाय इथं दाब फार हळू साठतो. एकाच जागी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून 'आमच्या आजोबा-पणजोबांनी इथं कधी भूकंप पाहिला नाही' हे खरं असलं तरी तो सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

किल्लारीनं काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत सुमारे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत आहे.

शास्त्रज्ञांना जमिनीत काय दिसलं? एक बाजू दुसरीवर चढली होती. दोन्हीकडून दाबल्यावर खडक असाच सरकतो. उत्तरेकडच्या टक्करीचा दाब किल्लारीपर्यंत पोहोचतो, याची ती खूण होती. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं खोल छिद्र घेतलं. वर उल्लेख केलेला ३४० मीटरचा आकडा त्यातूनच मिळाला. म्हणजे 'दख्खनचा अभेद्य कातळ' तिथं अर्धा किलोमीटरसुद्धा जाड नव्हता.

त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशावर किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. २००२ साली भारतीय मानकात सुधारणा झाली तेव्हा झोन १ हा प्रकारच काढून टाकण्यात आला. देशात शून्य धोक्याची जागा नाही, हे त्यातून मान्य झालं. किल्लारी परिसर झोन ३ मध्ये गेला. त्या सुधारणेत छत्रपती संभाजीनगर झोन २ मध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या गटात राहिलं. कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

पण किल्लारीचा मोठा धडा जमिनीखालचा नव्हता, जमिनीवरचा होता. ६.२ हा जगाच्या हिशोबानं राक्षसी भूकंप नाही. जपानमध्ये एवढ्या भूकंपात इतकी माणसं दगावत नाहीत. इथं माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यात गोलसर दगड, सांध्यात चुना-सिमेंट नाही तर माती आणि वर उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून मातीचे थर टाकलेलं जड माळवद. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नव्हता. हादरा बसताच भिंत उभी फाकली आणि माळवद खाली आलं. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तिथं काही घरांत भिंती पडूनही छत टिकलं आणि माणसं वाचली.

धरणामुळे भूकंप होतो का?

महाराष्ट्रातला दुसरा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, कोयनेचा. तीव्रता ६.३. जवळपास १८० माणसं गेली. कोयना धरणात पाणी साठवायला सुरुवात झाल्यावर काही वर्षांत तो झाला. धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचं जगभर दिलं जाणारं हे उदाहरण आहे.

इथंही मूळ ताकद प्लेटच्या दाबाचीच. खडक आधीच ताणलेला होता. जलाशयाचं वजन आणि भेगांत मुरलेलं पाणी यांनी त्याला शेवटचा धक्का दिला. प्रत्येक धरणाखाली असं होत नाही. त्यासाठी खाली आधीच सरकण्याच्या बेतात असलेली भेग लागते.

मग हिंगोलीचे हादरे काय सांगतात?

आधी आकड्यांचा हिशोब. तीव्रता एका अंकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून ४.५ आणि ६.२ हे आकडे कागदावर जवळ दिसले तरी किल्लारीत बाहेर पडलेली ऊर्जा हिंगोलीच्या धक्क्याच्या सुमारे ३५० पट होती.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागात काही वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी आहेत. त्यात गूढ फारसं नाही. भूकंपाचं केंद्र उथळ असेल आणि वर कडक खडक असेल तर लहान हादऱ्याचाही स्फोटासारखा आवाज होतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातही नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची अशीच मालिका अनुभवाला आली.

अशा मालिकेनंतर मोठा भूकंप येतो का? बहुतेक वेळा येत नाही. मालिका आपोआप विरते. पण किल्लारी परिसरातही १९९२ मध्ये हादरे बसले होते आणि पुढच्याच वर्षी तो भूकंप झाला. कुठली मालिका विरणार आणि कुठली नाही, हे आधी ओळखण्याची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. म्हणून तारीख आणि वेळ सांगणारा प्रत्येक मेसेज खोटा समजावा, मग तो 'नासा'च्या नावानं आलेला असो की पंचांगाच्या. आणि 'आता काहीच होणार नाही' अशी छातीठोक हमी देणाऱ्यालाही तोच नियम लावावा. भूकंपाची खरी नोंद पाहायची असेल तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची वेबसाइट आणि 'भूकंप' ॲप आहे. तिथं होऊन गेलेल्या भूकंपाची माहिती मिळते, होणाऱ्या भूकंपाचं भाकीत नाही.

औरंगपुऱ्यानं काय पाहावं?

छत्रपती संभाजीनगरपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आणि हिंगोली सुमारे १९० किलोमीटर आहे. किल्लारीएवढा भूकंप इतक्या अंतरावर चांगल्या बांधकामाला सहसा पाडत नाही. पण अंतरावर किती विसंबावं, हे २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानं दाखवलं. ७.७ तीव्रतेच्या त्या भूकंपाचं केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर असतानाही अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकींच्या तळमजल्यावर पार्किंग होतं, म्हणजे खाली नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले.

जुन्या शहरांच्या गल्ल्यांत दोन्ही प्रकारची घरं शेजारी शेजारी असतात. एकीकडे दगड-मातीचे वाडे, दुसरीकडे खाली पार्किंग किंवा मोकळी दुकानं आणि वर मजल्यावर मजले. दोघांसाठी प्रश्न वेगळे आहेत.

• जुनं दगडी घर असेल तर: भिंत मधून फुगली आहे का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? छतावर वर्षानुवर्षं माती किंवा गच्चीचे थर चढवत वजन वाढवलं आहे का? किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांमध्ये दोन साधे उपाय वापरले गेले. भिंतीच्या आरपार जाणारे जोड दगड आणि दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंती बांधून ठेवणारी सलग काँक्रीटची पट्टी.

• फ्लॅट घेत असाल तर: टाइल्स आणि लिफ्टबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. भूकंपाचं मानक धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरनं डिझाइन केलं आहे का? पार्किंगच्या मजल्यावर नुसते खांब आहेत की मध्ये काँक्रीटच्या भिंतीही आहेत?

• दुकान काढण्यासाठी तळमजल्याची भिंत पाडली जात असेल तर: ती भिंत वरचं वजन उचलते आहे का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. हा बदल एका गाळ्यापुरता वाटतो, पण वर राहणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न असतो.

• हादरा बसलाच तर: इमारतीत असाल तर जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, हादरे थांबल्यावर बाहेर पडा. जुन्या दगडी घरात दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्या जागेत जा आणि अरुंद गल्लीत भिंतींच्या मध्ये थांबू नका.

किल्लारी भूकंपात उद्ध्वस्त झालेली ५२ गावं पुन्हा वसवण्यात आली. भूकंपाला तोंड देतील अशी घरं तिथं बांधली गेली, पण हजारो माणसं गेल्यानंतर. औरंगपुऱ्याला तेच शहाणपण आधी मिळवण्याची संधी आहे.

प्लेट थांबवणं कुणाच्या हातात नाही. ती पुढच्या वर्षीही पाच सेंटीमीटर सरकेल. तिच्या दाबानं दख्खनमधली कुठली भेग कधी हलेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण घराची भिंत फुगली आहे का, हे आजच पाहता येतं. हिंगोली हादरल्यावर मेसेज फॉरवर्ड करण्याआधी ते पाहिलं तर जास्त उपयोग होईल.